गिटारचा ॲम्प जमिनीवर की स्टँडवर?

गिटारचा किंवा बेस गिटारचा ॲम्प्लिफायर जमिनीवरून उचलून दीड-दोन फूट वर ठेवला, की तोच ॲम्प वेगळा वाजू लागतो. नॉब जिथल्या तिथे असतात, तारा त्याच असतात, वाजवणाराही तोच असतो. तरी घुमणे कमी होते, सूर सुटे ऐकू येतात आणि वाजवणाऱ्याला स्वतःचे वादन कमी आवाजातही कळते. यात ॲम्पच्या आतल्या सर्किटचा काही वाटा नाही. बदलतात त्या मुख्यतः दोन गोष्टी: स्पीकरचे तोंड कानाकडे किती वळलेले आहे, आणि जमिनीवर आपटून परतणारा आवाज मूळ आवाजात कसा मिसळतो. जमिनीत उतरणारी थरथर हे तिसरे कारण नेहमी सांगितले जाते. तिचे महत्त्व ज्या पृष्ठभागावर ॲम्प ठेवला आहे त्यावर ठरते, आणि बऱ्याचदा ते उगाच फुगवून सांगितले जाते.

आधी कोनाचे पाहू. स्पीकर सगळे सूर सारखे पसरवत नाही. ज्या सुराची तरंगलांबी स्पीकरच्या कागदी शंकूपेक्षा बरीच मोठी, तो सूर चहूकडे पसरतो; तरंगलांबी शंकूएवढी किंवा त्याहून लहान झाली, की आवाज बॅटरीच्या झोतासारखा समोर एकवटतो. गिटारच्या ॲम्पमध्ये सर्रास असणाऱ्या बारा इंची स्पीकरच्या शंकूचा प्रत्यक्ष हलणारा भाग साधारण २६ सेंटिमीटर व्यासाचा असतो. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला, तर २६ सेंटिमीटरची तरंगलांबी सुमारे १,३०० हर्ट्झला येते. त्याच्या वरचे सगळे, म्हणजे तारेवर नखी पडताना होणारा कडक आवाज, सुराची धार, शब्दांसारखे स्पष्ट उमटणारे तुकडे, हे सरळ रेषेत जाते. ॲम्प जमिनीवर असेल तर ही सरळ रेषा वाजवणाऱ्याच्या पोटऱ्यांवरून निघून जाते.

आकड्यांत हे आणखी स्पष्ट होते. जमिनीवर ठेवलेल्या लहान ॲम्पच्या स्पीकरचा मध्य सुमारे २५ सेंटिमीटर उंचीवर असतो, उभ्या माणसाचा कान सुमारे १६० सेंटिमीटरवर. वाजवणारा दीड मीटर पुढे उभा असेल, तर कान स्पीकरच्या मध्यरेषेपासून ४२ अंश वर राहतो. एवढ्या कोनात ३,००० हर्ट्झच्या आसपासचे सूर फारसे उरत नाहीत; खालचे मात्र सगळे पोहोचतात. वाजवणाऱ्याला वाटते आवाज मळकट आहे. तो ट्रेबलचा नॉब वाढवतो, मग व्हॉल्यूम वाढवतो. समोर सतरंजीवर बसलेल्या पहिल्या रांगेच्या कानात मात्र ती सगळी धार थेट शिरते, आणि ती माणसे तोंड वाकडे करून मागे सरकू लागतात. तोच ॲम्प ६० सेंटिमीटर उंचीच्या स्टँडवर चढवला तर कोन २७ अंशांवर येतो. स्टँडवरच तो वीसेक अंश मागे कलता केला, तर झोत जवळजवळ कानावरच येतो. आता वाजवणाऱ्याला खरा आवाज कळतो, आणि ट्रेबल आपसूक खाली येतो.

महाराष्ट्रातल्या बैठकीच्या रिवाजात हे गणित वेगळे मांडावे लागते. भजनी मंडळ सतरंजीवर मांडी घालून बसते. बसलेल्या माणसाचा कान जमिनीपासून जेमतेम पाऊण मीटरवर असतो. परभणी जिल्ह्यातल्या येलदरीसारख्या गावात सप्त्याच्या भजनासाठी कीबोर्डचा ॲम्प लावायचा असेल, तर त्याला दोन फुटांचे स्टूल देण्याची गरज नाही. पुढच्या बाजूला एक वीट सरकवून ॲम्प मागे कलता केला की काम भागते. स्टँडची उंची ॲम्पवरून ठरत नाही, ऐकणाऱ्याच्या कानावरून ठरते. ऑर्केस्ट्रा, भीमगीतांचा कार्यक्रम किंवा शाळेचे स्नेहसंमेलन यांत वादक उभे असतात किंवा खुर्चीवर बसतात. तिथे ४५ ते ६० सेंटिमीटर ही सोयीची उंची.

मराठी मुलखात गिटारपेक्षा जास्त ऐकू येणारे तारेचे विजेवरचे वाद्य म्हणजे बँजो. पाश्चात्त्य बँजोशी त्याचे नावापुरतेच नाते आहे. हा बटणांचा बुलबुल तरंग. त्याचे मूळ १९१२ साली जपानमधल्या नागोया शहरात गोरो मोरिता यांनी तयार केलेल्या ताइशोगोतो या वाद्यात आहे. पोलादी तारा, खाली चुंबकी पिकअप आणि पुढे ॲम्प्लिफायर ही रचना मात्र इलेक्ट्रिक गिटारचीच. गणपतीच्या किंवा जयंतीच्या मिरवणुकीत बँजो पथकाचे बॉक्स हातगाडीवर किंवा टेम्पोत चढवलेले असतात. गर्दीतून गाडी पुढे न्यायची म्हणून ते वर ठेवलेले असतात. पण त्यामुळे स्पीकर नाचणाऱ्यांच्या छातीपासून डोक्यापर्यंतच्या उंचीवर येतात आणि बँजोचा टणत्कार गर्दीच्या पायांत अडकत नाही. तोच बॉक्स रस्त्यावर उतरवून ठेवला, तर चार रांगांपलीकडे नुसती गुणगुण पोहोचेल, कारण वरच्या पट्टीतले सूर माणसांच्या अंगात आणि कपड्यांत सहज शोषले जातात.

जमिनीचा परिणाम याहून गुंतागुंतीचा आहे, आणि गैरसमजही तिथेच जास्त आहेत. मोकळ्या हवेत टांगलेल्या स्पीकरचा खालचा सूर सर्व दिशांना पसरतो. तोच स्पीकर जमिनीला टेकला, की खाली जाणारा आवाज परतून वरच्या आवाजाला मिळतो आणि खालच्या सुरांत ६ डेसिबलपर्यंत भर पडते. मागे भिंत आली की आणखी ६ आणि कोपऱ्यात सरकवला की आणखी ६, असा हा हिशेब आदर्श कडक पृष्ठभागांसाठी आहे. प्रत्यक्ष खोलीत भर यापेक्षा कमी पडते, पण कोपऱ्यातला ॲम्प घुमतो हे कोणालाही कानाने कळते. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची असते, आणि अर्थिंग नीट नसेल तर ॲम्पमध्ये हीच ५० आणि १०० हर्ट्झची घरघर शिरते. कोपऱ्यातला ॲम्प ती घरघरही तितक्याच इमानाने वाढवून देतो.

यावरून सरसकट असा निष्कर्ष काढला जातो की ॲम्प उचलला की बेस जातो. तो अर्धाच खरा आहे. चार तारांच्या बेस गिटारची सर्वांत जाड तार ४१ हर्ट्झला वाजते. त्या सुराची तरंगलांबी आठ मीटरहून अधिक असते. एवढ्या लांब तरंगाच्या दृष्टीने ॲम्प जमिनीवर असला काय नि दोन फूट वर असला काय, जमीन जवळच आहे. म्हणून सर्वांत खालच्या सुराला जमिनीचा आधार मिळतच राहतो. बदल होतो तो त्याच्या वरच्या थरात, साधारण १५० ते ५०० हर्ट्झमध्ये. तो का होतो, हे एका उदाहरणाने पाहता येईल.

ऐकणारा तीन मीटर दूर उभा आहे. स्पीकरकडून त्याच्या कानात दोन आवाज येतात: एक सरळ, दुसरा मधल्या जमिनीवर आपटून. दुसऱ्याची वाट थोडी लांब असते. ज्या सुराची अर्धी तरंगलांबी या फरकाएवढी असते, त्या सुराला हे दोन आवाज एकमेकांना मारतात आणि तो सूर खचतो. ॲम्प जमिनीवर, मध्य २५ सेंटिमीटरवर असेल तर दोन वाटांतला फरक साडेतेवीस सेंटिमीटर येतो आणि खड्डा ७३० हर्ट्झच्या आसपास पडतो. ॲम्प ६० सेंटिमीटर वर चढवला तर फरक ७८ सेंटिमीटर होतो, आणि खड्डा २२० हर्ट्झवर सरकतो. म्हणजे जमिनीवर असताना साधारण पाचशे हर्ट्झपर्यंतच्या सगळ्या सुरांना जमीन मदत करत होती. आता ती मदत दीडशेच्या खालीच उरते आणि त्यावरच्या पट्ट्यात उलट काटछाट होते.

गिटारच्या बाबतीत हे सोयीचे ठरते. गिटारचा चिखल म्हणतात तो नेमका २०० ते ३०० हर्ट्झच्या पट्ट्यात असतो; ढोलकीचा धूम, कीबोर्डचा डावा हात आणि गायकाच्या आवाजाची जाडी हेही तिथेच गर्दी करतात. त्या पट्ट्यातून गिटार थोडी बाजूला झाली की सगळ्यांनाच जागा मिळते. शिवाय ७३० हर्ट्झचा पहिला, रुंद खड्डा हटल्याने गिटारच्या मधल्या पट्टीला बळ येते. वरच्या पट्टीत पुढचे खड्डे पडतच असतात, पण ते अरुंद असतात आणि कान ते फारसे मनावर घेत नाही. खाली सतरंजी अंथरली म्हणून हा प्रकार थांबत नाही. सतरंजी दोन-चार हजार हर्ट्झच्या वरचे थोडेफार शोषते. २२० हर्ट्झला ती असून नसल्यासारखीच.

बेस गिटारला मात्र हीच काटछाट महागात पडू शकते. बेसच्या सुराचा भरीवपणा, म्हणजे मूळ सुराच्या वरची दुसरी-तिसरी पट, शंभर ते अडीचशे हर्ट्झमध्येच असतो. लहान स्पीकर तर ४१ हर्ट्झचा मूळ सूर नीट काढतच नाहीत. कान या वरच्या पटींवरूनच खालचा सूर ओळखतो. त्यामुळे मोकळ्या मैदानावर, मागे भिंत नसताना, बेसचा छोटा ॲम्प उंच स्टँडवर चढवणे शहाणपणाचे नाही. आवाज पोकळ होतो. तिथे ॲम्प जमिनीवरच ठेवून तोंड तीसेक अंश वर करावे. कोनाचा फायदा बहुतेक सगळा मिळतो आणि जमिनीचा आधारही सुटत नाही.

बंद जागेत उत्तर पुन्हा फिरते. गावातला सभामंडप, समाजमंदिर किंवा शाळेची खोली यांचा स्लॅब बहुधा दहा फुटांवर असतो, खाली शहाबादी फरशी आणि भिंती उघड्या. फरशी आणि स्लॅब यांच्यामध्ये ५६ हर्ट्झच्या आसपासचा सूर अडकून घुमतो, आणि बेसची मोकळी ए तार ५५ हर्ट्झला वाजते. म्हणून अशा खोलीत तो एकच सूर बाकीच्यांच्या अंगावर येतो आणि वादकाला वाटते आपलाच हात जड पडतोय. हे घुमणे जमिनीलगत आणि छतालगत सर्वांत जोरात असते, मधोमध नाममात्र. जमिनीला टेकलेला स्पीकर त्याला पुरेपूर खतपाणी घालतो. दोन-अडीच फूट वर असलेला तेवढे घालत नाही, जवळजवळ अडीच डेसिबलने कमी घालतो. पाच फुटांवर तो ते जागवतच नाही, पण एवढ्या उंचीवर जड ॲम्प ठेवायला कोणी सांगू नये. भिंतीपासून हातभर पुढे ओढणे आणि कोपरा टाळणे याचाही अशा खोलीत तितकाच उपयोग होतो.

आता थरथरीविषयी. ॲम्पची पेटी स्पीकरच्या धक्क्याने हलते आणि ती हालचाल पायांतून खाली उतरते. खाली फरशी आणि त्याखाली काँक्रीट किंवा माती असेल तर एवढ्या वजनाला ॲम्प काही हलवू शकत नाही. तिथे महागडा फोम घालून आवाज सुधारला असे वाटते, तेव्हा बहुतेक श्रेय फोमने दिलेल्या चार इंच उंचीचे आणि कलाचे असते. लाकडी फळ्यांच्या स्टेजची गोष्ट वेगळी. मंडपवाल्याचे लोखंडी पाइप आणि त्यावर टाकलेल्या फळ्या, किंवा ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या जोडून केलेले व्यासपीठ, हे पोकळ असते. बेसच्या ठरावीक सुराला फळ्या स्वतःच वाजू लागतात. ती थरथर माइकच्या स्टँडमधून वर चढते, तबल्या-ढोलकीच्या माइकमध्ये शिरते, स्पीकरमधून पुन्हा बाहेर पडते आणि एक घुंग्गं असा आवाज अख्ख्या कार्यक्रमभर मागे राहतो. साउंडवाला बेस कापतो, तरी तो जात नाही, कारण तो फळ्यांतून येत असतो.

यावर उपाय मऊ आधाराचा, पण मऊपणालाही माप आहे. स्प्रिंगसारखा आधार थरथर अडवायला लागतो तो स्वतःच्या डोलण्याच्या कंप्रतेच्या साधारण दीडपट वरून. त्याच्या खाली तो थरथर वाढवूही शकतो. ४१ हर्ट्झपासून अडवायचे तर आधाराची स्वतःची कंप्रता २० हर्ट्झ किंवा त्याखाली हवी. ढोबळ मानाने त्यासाठी ॲम्पच्या वजनाने आधार एक ते तीन मिलिमीटर दबला पाहिजे. कडक रबराचा तुकडा दबतच नाही, म्हणून निरुपयोगी. गादीचा जुना फोम पार चपटा होतो, म्हणून तोही निरुपयोगी. दाट फोमच्या दोन पट्ट्या, वर जाड प्लायवुडचा तुकडा आणि त्यावर ॲम्प, अशी रचना दहा-वीस किलोच्या ॲम्पला पुरते. स्टेजची फळी आणि ॲम्प यांच्यात नुसती घडी घातलेली गोधडीही काही नसण्यापेक्षा बरी.

ॲम्प उंच नेण्याची कल्पना नवी नाही. फेंडरच्या जुन्या मोठ्या ॲम्पना बाजूला मुडपणारे कलते पाय असत. ते उघडले की ॲम्प मागे रेलून तोंड वर करी. १९६५ मध्ये लंडनमध्ये जिम मार्शल यांनी ‘द हू’ या गटातल्या पीट टाउनशेंडसाठी आठ स्पीकरची एकच अजस्र पेटी बनवली. ती उचलणाऱ्यांचे हाल झाल्यावर तिचे दोन तुकडे करून एकावर एक ठेवले गेले. तीच मार्शलची प्रसिद्ध उतरंड. वरच्या पेटीचे दोन स्पीकर किंचित आकाशाकडे कललेले असतात आणि त्यांची उंची वादकाच्या कानाजवळ येते. रॉक संगीताच्या छायाचित्रांत ही भिंत ताकदीचे प्रदर्शन म्हणून दिसते. तिचा एक साधा उपयोग वादकाला स्वतःचे ऐकू यावे हाही होता. बेससाठी ॲम्पेग कंपनीने १९६९ मध्ये ३०० वॅटचा एसव्हीटी आणला. त्याच्या पेटीत दहा इंची आठ स्पीकर, चार फुटांची उंची. खालचे स्पीकर जमिनीचा आधार घेतात, वरचे छातीच्या उंचीवरून बोलतात. एकाच पेटीत दोन्ही साधले, पण ती उचलायला दोन माणसे लागतात.

आज गावोगावचे साउंडवाले याच तत्त्वावर चालतात. बेसचे मोठे बॉक्स जमिनीवर, शक्यतो एकत्र लावलेले. वरच्या सुरांचे बॉक्स, म्हणजे टॉप, मात्र ट्रायपॉड स्टँडवर माणसांच्या डोक्याच्या वर. ज्याला दिशा नाही त्याला जमीन द्यायची, ज्याला दिशा आहे त्याला उंची द्यायची. ऑर्केस्ट्रात बेस गिटार बहुतेक वेळा थेट मिक्सरमध्ये जोडलेली असते आणि श्रोत्यांना ती या मोठ्या बॉक्समधून ऐकू येते. अशा वेळी स्टेजवरचा ॲम्प फक्त वादकापुरता उरतो; तो लहान असावा, कलता असावा आणि कमी आवाजात असावा. उंच ॲम्पचे तोंड गायकाच्या माइककडे असेल तर गिटार माइकमध्ये घुसते आणि गायकाचा आवाज साउंडवाल्याच्या हातात राहत नाही. गिटारवाला स्वतः पिकअपचे तोंड ॲम्पकडे करून जवळ उभा राहिला तर शिट्टी येते. म्हणून ॲम्प वादकाच्या मागे एका बाजूला, आणि झोत गायकाला चुकवून.

आवाज कमी ठेवण्याला कायद्याचेही कारण आहे. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. राज्य सरकारला सण-उत्सवांसाठी वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस ही वेळ मध्यरात्रीपर्यंत वाढवता येते. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. येलदरीच्या जलाशयासारख्या मोठ्या पाण्यावर संध्याकाळनंतर पाण्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड राहिली, तर आवाज वर न जाता खाली वळतो आणि काठाकाठाने लांब जातो. समोरच्या मंडपात माफक वाटणारा खर्ज तिकडच्या काठावर झोपमोड करतो.

ॲम्प कशावर ठेवायचा याचे उत्तर मराठवाड्यात घरातच असते. कूलरचा लोखंडी स्टँड दोन फुटांच्या आसपास उंच, अँगलचा आणि पाण्यासकट कूलरचे वजन पेलणारा असतो; गिटारच्या पंधरा-वीस किलोच्या ॲम्पला तो भरपूर मजबूत आहे. अँगलचे सैल नट खणखणतात, ते आवळावेत आणि वर प्लायवुड टाकावे. प्लॅस्टिकची खुर्ची टाळावी: बैठक मध्ये झोल खाते, ॲम्प मागे घरंगळतो आणि पाठ हवेची फट अडवते. लोखंडी पिंपही टाळावे, कारण रिकामे पिंप स्वतःच वाजते. उतरत्या किंवा भुसभुशीत जागी स्टँडच्या पायांवर वाळूची पोती टाकावीत आणि ॲम्प दोरीने बांधावा. वायर पायात येणार नाही अशी मागून सोडावी. पावसाळ्यातल्या कार्यक्रमात उंचीचा आणखी एक फायदा म्हणजे मंडपात शिरलेले पाणी ॲम्पपर्यंत पोहोचत नाही. पण ओल्या जमिनीवर अनवाणी उभ्या वादकाच्या हातातल्या तारा वायरमधून थेट ॲम्पच्या धातूच्या चौकटीला जोडलेल्या असतात. म्हणून तीन पिनांचा प्लग आणि चालू अर्थिंग असल्याखेरीज ॲम्प, जमिनीवर असो वा स्टँडवर, सुरू करू नये.